विशेष मुलाला घेऊन परदेशी जाताना: व्हिसा एक, सेवा दुसरी

प्रश्न विचारणारी आई कारेलीबागेत राहते. मुलगा नऊ वर्षांचा. ऑटिझम आहे, सोबत सौम्य ते मध्यम बौद्धिक अक्षमता. तीन-चार शब्दांची वाक्यं बोलतो, आपल्या हातानं जेवतो, बटणं अजून लावता येत नाहीत. मागच्या वर्षी दोनदा फिट आली, तेव्हापासून व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध सुरू आहे. वडील इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर, चाळिशीच्या उंबरठ्यावर. ऑफिसातले दोघे-तिघे बाहेर गेले आणि घरात तोच विषय सुरू झाला. एका एजंटनं दोन तोडगे सुचवले. एक, "ऑटिझम काही चेहऱ्यावर दिसत नाही, फॉर्मवर लिहूच नका." दुसरा, "मुलाला सध्या आजीकडे ठेवा, पीआर (कायमचा रहिवास) आला की घेऊन जा." आईचे प्रश्न तीन: कुठला देश सोपा, लपवलं तर चालेल का, आणि ठेवून गेलो तर चालेल का.

ताई, मी बडोद्यात बरीच वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि बाहेर जाणाऱ्या कुटुंबांसाठी मुलांच्या मूल्यमापनाचे रिपोर्ट लिहिते. म्हणून माझं उत्तर मुलापासून सुरू होणार. फाइल भरायला त्या-त्या देशाचा परवाना असलेला माणूसच धरा: कॅनडासाठी आरसीआयसी म्हणजे तिथला परवानाधारक सल्लागार, ऑस्ट्रेलियासाठी मारा या तिथल्या सरकारी यंत्रणेकडे नोंदणी असलेला. दोन्हींचे नोंदणी क्रमांक ऑनलाइन तपासता येतात. फतेगंज ते अलकापुरी इतक्या पाट्या आहेत, पण क्रमांक विचारला की बरेच जण विषय बदलतात.

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देते, कारण त्यात फारसा विचार करण्यासारखं नाही.

लपवू नका. कॅनडात खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं की पाच वर्षं अर्ज करता येत नाही. ऑस्ट्रेलियात साधारण तीन वर्षांची बंदी लागते. कायदा घटकाभर बाजूला ठेवू. पॅनल डॉक्टर, म्हणजे त्या देशानं व्हिसाच्या तपासणीसाठी नेमलेला डॉक्टर, मुलाला नाव विचारणार, औषधं विचारणार, शाळा विचारणार. व्हॅल्प्रोएट सांगितलं की फिट आली, फिट आली की न्यूरोलॉजिस्टचा कागद आला, आणि त्या कागदावर पहिल्या ओळीत ऑटिझम लिहिलेलं असतं. समजा तिथूनही निसटलात. मग तिकडे उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात शाळेत जाऊन मदत कोणत्या तोंडानं मागणार? मदत मागितली की आधीची फाइल खोटी ठरते, आणि नाही मागितली तर जायचं कशासाठी?

ठेवून जाणं तर त्याहून धोक्याचं. कॅनडात सोबत येणारं मूल असो वा नसो, फॉर्मवर नाव लागतं आणि मेडिकलही होतं. घरातलं एक जण तपासणीत अपात्र ठरलं तर सगळ्यांचा अर्ज पडतो. नावच लिहिलं नाही, तर पुढे त्या मुलाला कुटुंबाच्या वर्गातून बोलावण्याचा हक्क सहसा कायमचा जातो. ऑस्ट्रेलियातही कायमच्या व्हिसासाठी मागे राहणाऱ्या मुलाची तपासणी साधारणपणे करतातच. म्हणजे एजंटनं सुचवलेली वाट मुळात अस्तित्वातच नाही, आणि असती तरी नऊ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलापासून आई-बाबांना दोन-तीन वर्षं तोडून त्यानं जे काही मिळवलंय ते टिकेल, असं मला अजिबात वाटत नाही.

आता देश. "सोपा देश कुठला" या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत, ते वेगळे करा. आत जायला मिळेल का, हा एक. आत गेल्यावर मुलाला सरकारी मदत कुठल्या दिवसापासून मिळेल, हा दुसरा. माझा अनुभव असा, की जिथे दार ढकललं की उघडतं, तिथे आतली मदत बऱ्याचदा उशिरानं मिळते. आणि जिथे आत सगळं भरभरून आहे, तिथे दाराशीच हिशेबाची वही घेऊन माणूस बसलेला असतो.

ऑस्ट्रेलिया हे दुसऱ्या प्रकारचं उदाहरण. तिथली एनडीआयएस ही अपंगत्व विमा योजना खरोखर चांगली आहे, पण ती नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांना. तात्पुरत्या व्हिसावाल्यांना नाही. आणि कायमचं होताना आरोग्याची अट आडवी येते. तुमच्या मुलाला लागणाऱ्या सार्वजनिक सेवांचा अंदाजे खर्च ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला तर नकार. १ जुलै २०२४ पासूनचा हा आकडा आहे, त्याआधी तो ५१,००० होता. वाढला खरा, पण तो एका वर्षाचा नाही. साधारण पाच वर्षांचा हिशेब करतात, आणि आजार कायमचा असेल तर दहा वर्षांपर्यंतचा. त्यात एक गोष्ट आपल्या लोकांना पटता पटत नाही: तुमच्याकडे किती पैसा आहे, आजी सांभाळणार आहे का, तुम्ही खासगी थेरपी करणार आहात का, हे तिथला वैद्यकीय अधिकारी बघतच नाही. तुमच्या मुलाइतकीच तीव्रता असलेला एक काल्पनिक माणूस धरतो आणि त्याचा खर्च मोजतो. काही व्हिसांमध्ये ही अट सैल करायची तरतूद आहे, काहींत अजिबात नाही. गुणांवर मिळणारा १८९ क्रमांकाचा कायमचा व्हिसा हा तरतूद नसलेल्यांपैकी. तिथला अपंगांविरुद्ध भेदभाव रोखणारा १९९२ चा कायदासुद्धा स्थलांतराच्या निर्णयांना लागू होत नाही. न्यूझीलंडचंही थोड्याफार फरकानं असंच: ८१,००० न्यूझीलंड डॉलरची रेषा, आणि शाळेत मोठी मदत लागणाऱ्या मुलांसाठी आणखी कडक नियम. तुमच्या मुलाचं चित्र बघता हे दोन्ही देश मी सध्या यादीतून काढीन.

कॅनडाचं वेगळं आहे, आणि तुमच्यासाठी मला तिथेच सर्वांत जास्त आशा दिसते. तिथेही सरकारी आरोग्य आणि सामाजिक सेवांवर "जादा भार" म्हणून नकार देता येतो. पण २०१८ मध्ये त्यांनी ही मर्यादा तिथल्या माणशी सरासरी खर्चाच्या तिप्पट केली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे विशेष शिक्षण, सामाजिक व व्यावसायिक पुनर्वसन आणि वैयक्तिक मदतनीस हा खर्च मोजणीतूनच काढून टाकला. २०२२ मध्ये हे बदल नियमांत कायम झाले. २०२५ साठी मर्यादा वर्षाला २७,१६२ कॅनेडियन डॉलर होती. तुमच्या मुलासाठी मग मोजायला उरतं काय? न्यूरोलॉजिस्टच्या भेटी, अधूनमधून ईईजी, रक्ताच्या तपासण्या, एक स्वस्तातलं जेनेरिक औषध. हे त्या रेषेच्या जवळपासही जात नाही. फिट आटोक्यात नसत्या, महागडी औषधं लागत असती किंवा नर्सची गरज असती, तर मी इतक्या खात्रीनं बोलले नसते.

तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये हिलेविट्झ प्रकरणात सांगितलं, की आजाराचं नाव वाचून ठोकळ निर्णय देता येणार नाही. त्या मुलाला खरोखर काय लागणार आणि कुटुंब सामाजिक सेवांचा खर्च उचलायला तयार व समर्थ आहे का, हे पाहावं लागेल. म्हणून अधिकाऱ्याला शंका आली तर थेट नकार येत नाही, आधी खुलासा मागणारं पत्र येतं. ते पत्र आलं की घरात रडारड होते. पण पत्र म्हणजे नकार नव्हे, उत्तर द्यायची संधी असते. मुदत पाळायची, आणि मुलाच्या गरजा, त्यांचा खर्च, तो कोण कसा करणार याचा आराखडा डॉक्टर-थेरपिस्टच्या सहीनं जोडायचा.

कॅनडाची अडचण पुढे आहे. पीआर मिळाला म्हणून थेरपी मिळाली असं होत नाही. ऑन्टारियोतल्या ऑटिझम कार्यक्रमाची प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची आहे. ती प्रांताची बाब आहे, त्यामुळे कुठल्या प्रांतात उतरता हा प्रश्न नोकरीइतकाच मोठा धरा. जमेची बाजूही सांगते: अपंगत्वाची करसवलत मान्य झाली की मुलाच्या नावानं आरडीएसपी हे बचतखातं काढता येतं, आणि त्यात सरकार अनुदान व बाँड मिळून आयुष्यभरात ९०,००० डॉलरपर्यंत भर घालतं. आपल्यामागे मुलाचं काय, या प्रश्नाला इतकं रोकडं उत्तर मी फार कमी ठिकाणी पाहिलंय. बाकी वडिलांच्या वयाचे आणि इंग्रजीचे गुण जुळतात का, हे तुमचा सल्लागार सांगेल. मुलाच्या अपंगत्वामुळे गुण कापले जात नाहीत.

ब्रिटनचं दार सरळ आहे. क्षयाची तपासणी सोडली तर आरोग्याच्या कारणावरून कामाचा व्हिसा नाकारत नाहीत. मात्र आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो: मोठ्यांसाठी वर्षाला १,०३५ पौंड, अठरा वर्षांखालच्यांसाठी ७७६. तुम्ही तिघं, पाच वर्षं, म्हणजे १४,२३० पौंड. व्हिसाची फी वेगळी. काही कंपन्या हे पैसे देतात, ऑफर लेटरवर सही करायच्या आधी विचारा. त्या पैशांत एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा मिळते, शाळाही मिळते, आणि इंग्लंडमध्ये ईएचसीपी नावाची मुलाच्या शिक्षण-आरोग्य-काळजीची योजनाही मागता येते. कायद्यानं ती वीस आठवड्यांत व्हायला हवी, पण पुष्कळ ठिकाणी होत नाही. नाही म्हणाले तर न्यायाधिकरणात विनाशुल्क अपील करता येतं. जे मिळत नाही ते म्हणजे रोख भत्ते. व्हिसावर "सरकारी निधीचा आधार नाही" असा शेरा असतो, त्यामुळे अपंग मुलांचा भत्ता कायमचा रहिवास मिळेपर्यंत बंद. आणि तो रहिवास किती वर्षांनी मिळावा यावर तिथे सध्या बराच खल चालू आहे, म्हणून पाच वर्षांचं गणित मनात पक्कं धरून जाऊ नका.

अमेरिकेत शाळा हे मोठं बलस्थान. १९७५ पासून तिथे कायदा आहे की तीन ते एकवीस वर्षांच्या अपंग मुलाला योग्य आणि मोफत शिक्षण सरकारी शाळेनं द्यायचं. व्हिसा कुठला हे शाळा विचारत नाही. आयईपी म्हणजे मुलाचा वैयक्तिक शिक्षण-आराखडा, त्याच्या बैठकीत पालक हे समितीचे सदस्य असतात, पाहुणे नव्हे. पण एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाचं मूल एकवीस वर्षांचं झालं की त्याचा एच-फोर हा कुटुंबीयांचा व्हिसा संपतो, आणि अपंग मुलांना त्यात सूट नाही. भारतीयांच्या ग्रीन कार्डच्या रांगेची लांबी तुम्हाला ठाऊकच आहे. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या माणसासाठी नव्या एच-वन-बी अर्जावर १,००,००० डॉलर लावले. नऊ वर्षांच्या मुलासाठी हातात बारा वर्षं आहेत. पुरतील असं गृहीत धरू नका.

दुबईचा विचार खूप जण करतात, जवळ आहे म्हणून. तिथे अपंग मुलाला वयाची मर्यादा न ठेवता आई-वडिलांच्या जिवावर रहिवास मिळतो, ही चांगली गोष्ट. पण शाळा खासगी, वर्गात मुलासोबत बसणाऱ्या शॅडो टीचरचा पगार बहुधा आपल्याच खिशातून, आणि फिटच्या काही औषधांना आधी सरकारी परवानगी लागते. कमवून परत यायचं असेल तर ठीक.

आता माझ्या कामाचा भाग, म्हणजे रिपोर्ट. इथे फायली बिघडताना मी सगळ्यात जास्त पाहिल्यात.

तुमच्याकडे सयाजी रुग्णालयाचं अपंगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे अपंगत्वाचं राष्ट्रीय ओळखपत्र असेल. त्यावरची टक्केवारी इसा या भारतीय मोजपट्टीवरून येते: चाळीस मुद्दे, एकूण गुण ७० च्या खाली तर ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. इथली घरं प्रमाणपत्र काढतात ते सवलतींसाठी. आयकरात ८०डीडी खाली ७५,००० ची वजावट, आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. त्यामुळे तपासणीच्या दिवशी मुलाचं जे वाईटात वाईट आहे तेच सांगायची सवय लागलेली. "काहीच करत नाही हो, सगळं मलाच करावं लागतं." मग तोच "तीव्र" शेऱ्याचा कागद व्हिसाच्या फाइलमध्ये जातो, आणि सोबत शाळेचं पत्र असतं, मुलगा छान प्रगती करतोय. दोन कागद एकमेकांशी भांडतात आणि अधिकारी वाईटावर विश्वास ठेवतो. ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी, जिथे तीव्रतेवरच हिशेब चालतो, तिथे हा एक शब्द महाग पडतो.

तेव्हा प्रमाणपत्र जुनं असेल तर मुलाची आजची अवस्था बघून नवं मूल्यमापन करून घ्या. बिने-कामत ही बुद्ध्यांकाची चाचणी किंवा आपला जुना व्हीएसएमएस, म्हणजे सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टी, तिकडच्या डॉक्टरांच्या ओळखीचा नसतो. रोजच्या कामांसाठी व्हाइनलँडची तिसरी आवृत्ती, ऑटिझमसाठी कार्स-दोन, जमलं तर एडॉस-दोन, असं त्यांना वाचता येईल ते करा. चाचणी कुठल्या भाषेत झाली हे लिहून घ्या. आपल्या मुलांचं प्रकरण अवघड असतं: घरी मराठी, सोसायटीत गुजराती, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. इंग्रजीतून बुद्ध्यांक काढला तर तो खरा येत नाही. आणि तिकडची एखादी थेरपिस्ट म्हणाली की मराठी सोडा, तर ऐकू नका. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं बोलणं आणखी मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आजीशी तो कुठल्या भाषेत बोलणार आहे?

रिपोर्टमध्ये आजाराचं नाव एका ओळीत संपू दे. पुढे पानभर, तो काय स्वतः करतो, कशाला सांगावं लागतं, कशाला हात धरावा लागतो, आणि गेल्या दोन वर्षांत काय बदललं. शेवटची फिट कधी, औषधाचा डोस किती, दवाखान्यात भरती झाला होता का. पुढच्या पाच वर्षांत काय लागेल याचा साधा अंदाज: आठवड्याला किती थेरपी, शाळेत कसली मदत. गोड लिहू नका, काळंही लिहू नका. मी वाढवून किंवा कमी करून लिहीत नाही, आणि जो थेरपिस्ट "सांगा काय लिहू" असं विचारतो त्याच्याकडून घेऊ नका.

मेडिकलसाठी मुलाची तयारी लागते. अकरा वर्षांखाली छातीचा एक्स-रे सहसा नसतो, ती एक धास्ती कमी. कॅनडाला चौदा वर्षांखाली बोटांचे ठसे लागत नाहीत, ब्रिटनला मात्र पाचव्या वर्षापासून लागतात. अहमदाबादच्या ठसे घेणाऱ्या सेंटरमध्ये जायच्या आधी घरी टेबलावर चार बोटं सपाट ठेवून पाच आकडे मोजायचा खेळ रोज खेळा. अपॉइंटमेंट सकाळची पहिली घ्या.

जायच्या आधीच्या कागदांत आणखी दोन गोष्टी. परदेशात स्थायिक झालात की करापुरते अनिवासी होता, आणि ८०डीडी फक्त निवासींना आहे, तेव्हा ती वजावट धरून केलेलं गणित बदलेल. आणि अठरानंतरचं पालकत्व: आपल्याकडे नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती ते देते, बाहेर प्रत्येक देशाची रीत निराळी. मुलगा सतरा वर्षांचा होईल तेव्हा याची आठवण ठेवा.

एक गोष्ट एजंट कधीच सांगत नाही, आणि मला ती व्हिसापेक्षा मोठी वाटते. इथे तुमच्या मुलामागे माणसं आहेत. आजी भरवते, आजोबा कमाटीबागेत फिरवून आणतात, कामाच्या मावशी लक्ष ठेवतात, रिक्षावाले काका त्याला बरोबर कुठे सोडायचं ते जाणतात, शॅडो टीचर आहे. तिकडे ही सगळी कामं एका माणसावर येतात, आणि ते माणूस बहुतेक वेळा तुम्ही असता. नवरा नोकरीवर, पहिल्या थंडीत मुलगा घरात कोंडलेला, शाळेचा फोन की आज लवकर घेऊन जा. दोन पगारांवर केलेलं बजेट तिथेच कोसळतं. म्हणून हिशेब एका पगाराचा करा, निदान पहिली दोन वर्षं. तुमची स्वतःची नोकरी असेल तर राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजा मिळते का बघा. घर विकू नका, भाड्यानं द्या.

इथेच कॅनडाच्या बाजूनं आणखी एक मुद्दा येतो. आजी-आजोबांसाठी तिथे सुपर व्हिसा आहे: दहा वर्षांपर्यंत वैध, एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. तुमचं उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर लागतं आणि त्यांचा किमान १,००,००० डॉलरचा आरोग्य विमा. सत्तरीतल्या मधुमेही माणसाचा हप्ता जबर असतो, आणि आधीचे आजार पॉलिसीत धरलेत का हे नीट वाचावं लागतं. ब्रिटनला पाहुणे म्हणून एका वेळी सहाच महिने. आजीला प्रश्न विचारलात का? तिला दांडियाबाजारातली भाजी आणि देवळातल्या मैत्रिणी सोडून यायचंय का, की आपण ते धरूनच चाललोय? आधी तिच्याशी बोला, मग नवं मूल्यमापन करून घेऊ. कॅनडाची मेडिकल तपासणी बारा महिनेच चालते, त्यामुळे ती करायची घाई आत्ता नको.